मावशींना सांगितलेलं

बाटली मावशींच्या कानाजवळून गेली आणि भिंतीवर फुटली. काळपट काढा ओघळत खाली आला.

"हे विष पिऊन माझ्याकडे कशाला येता?" सर्जन उभे राहून ओरडत होते. समोरची म्हातारी पिशवी छातीशी धरून उभी होती. "असल्याच काढ्यानं गेल्या वर्षी एका पोरीचं लिव्हर गेलं. एकोणीस वर्षांची होती! माझ्या हातात मेली. निघा!"

मावशी काचा वेचायला वाकल्या. अठ्ठावीस वर्षं त्या या हॉस्पिटलात फरशी पुसत होत्या. एक काच तळव्यात घुसली. डॉक्टरांनी ते पाहिलं, कापसाचा बोळा त्यांच्याकडे टाकला आणि पुढच्याला आत बोलावलं.

पुढचा होता एक वेल्डर. पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलेलं. दाराबाहेर बसून त्यानं सगळं ऐकलं होतं.

"दुसरं काही घेता? काढा, पावडर?"

"नाही साहेब."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मावशी वॉर्डात चादरी बदलत होत्या, तेव्हा त्यानं आवाज खाली आणला. "मावशी, सांध्यांसाठी पावडर घेतो मी. चार महिने झाले. दुखणं पळालं, पण दाढी करताना जरा कापलं की रक्त थांबतच नाही. चालेल ना?"

"अरे, डॉक्टरांना सांग की!"

"ते बाटल्या फेकून मारतात. तुम्हीच सांगा ना, जरा बेतानं."

मावशी गेल्या. डॉक्टर कोपरापर्यंत हात धूत होते.

"साहेब, तो वेल्डर म्हणत होता..."

"मावशी, थिएटरबाहेर रक्त सांडलंय. आधी ते पुसा."

त्यांनी पुसलं. पुसत असतानाच वेल्डर शेजारून आत जाताना दिसला, आणि पुसून होईपर्यंत थिएटरचं दार बंद झालं होतं. ठोठावता आलं असतं. हात वर गेलाही होता. पण भिंतीवर फुटलेली ती बाटली डोळ्यांपुढे आली आणि हात खाली आला.

तासाभरानं आतून पहिली बादली बाहेर आली. भिजलेल्या कापडांनी भरलेली. मग दुसरी. नर्स रक्ताच्या पिशव्या घेऊन धावत होत्या. "थांबत का नाहीये?" डॉक्टरांचा आवाज चिरकला होता. चौथी बादली मावशींनी रिकामी केली, तेव्हा आत सगळं शांत झालं होतं.

वेल्डरच्या दोघा भावांनी डॉक्टरांना जिन्याजवळ गाठलं. एकानं कॉलर धरून डोकं भिंतीवर आपटलं, दुसऱ्यानं सलाइनचा स्टँड उचलला. डॉक्टरांचे दोन दात फरशीवर पडले. बघे मोबाइल धरून उभे. मावशी मध्ये घुसल्या आणि डॉक्टरांच्या अंगावर आडव्या झाल्या. "मारू नका रे! मरेल तो!" पुढचा फटका त्यांच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्यांना स्वतःलाच आधी ऐकू आला.

तीन आठवड्यांनी चौकशी झाली. दोन दात गेलेल्या तोंडानं डॉक्टर एकच सांगत होते, "मी विचारलं होतं. तो नाही म्हणाला. कागदावर आहे." ते खरंच होतं. अधिकाऱ्यांनी फाइल मिटायला घेतली.

"मला सांगितलं होतं त्यानं," मावशी मागून म्हणाल्या.

त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. तरी त्यांनी सगळं सांगितलं. पावडर, दाढीचं रक्त, बंद दार.

डॉक्टर त्यांच्याकडे वळले. "मला का नाही सांगितलंत?"

"आले होते साहेब. तुम्ही रक्त पुसायला सांगितलंत. आणि खरं सांगू? मी भ्याले तुम्हाला. त्या वेळी भ्यायला नको होतं."

डॉक्टरांनी मान खाली घातली.

वेल्डरची बायको उठली, चालत आली आणि तिनं मावशींच्या थोबाडीत मारली. चष्मा उडून पडला. मोडका हात गळ्यात, दुसरा बाजूला सोडलेला. मावशी हलल्या नाहीत. त्यांना वाटलं, अजून एक बसेल.

बायको मात्र धापा टाकत उभी राहिली. मग खाली वाकून तिनं चष्मा उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

"आत नेताना तुम्ही होतात तिथं?"

"होते."

"घाबरला होता का हो?"

"नाही गं बाई," मावशी म्हणाल्या. "स्ट्रेचर नको म्हणाला. आपल्या पायांनी चालत गेला."