गोदूबाईने घासलेली पृथ्वी

मित्रांनो, ठाण्यातल्या एका शाळेचा मी जुना पृथ्वीगोल आहे. मुंबईच्या एका कारागिराने मला पत्र्यापासून घडवले, तेलरंगाने जमीन आणि समुद्र रंगवले आणि वर बारीक शाईने अक्षांश-रेखांशांच्या रेघा आखल्या. आगगाडीने, शाळेतल्या हरिहर मास्तरांच्या मांडीवर बसून मी ठाण्याला आलो. माझ्या रेघांचा मला भारी तोरा होता.

पण १८८६ च्या दसऱ्याला जे घडले, ते आठवले की आजही मी हादरतो. पाटीपूजनाच्या सकाळी मास्तरांनी मला पाहिले आणि उचलून उजेडात नेले. माझ्या अंगावर एकही रेघ नव्हती! झाडलोट करणाऱ्या गोदूबाईने समईबरोबर मलाही चिंच आणि राख लावून लख्ख घासले होते.

"अगं गोदूबाई, काय केलंस हे!"

"मास्तर, त्याच्या अंगभर जाळं धरलेलं, रोज पुसून निघेना. सरस्वतीपुढं तसंच कसं ठेवू?"

रेघांशिवाय मी म्हणजे नुसता रंगीत चेंडू! चार दिवसांनी डिपुटीसाहेब परीक्षा घ्यायला येणार होते. हेडमास्तर म्हणाले, "तेव्हा फजिती झाली, तर ही बाई दुसऱ्या दिवसापासून नको." गोदूबाई विधवा होती. तिची चूल या कामावरच पेटत असे.

मास्तर रेघा पुन्हा आखायला बसले. दोरा धरायला गोदूबाईच होती. आधी पोटावर विषुववृत्त, मग वर-खाली अक्षांश, मग उभे रेखांश.

"अगबाई! आडवा दोरा टोकाकडं जाताना तोकडा होतो," ती म्हणाली. "उभे मात्र सारे सारखेच, अन् दोन्ही टोकांना एकत्र येतात!"

इतकी वर्षे अंगावर रेघा मिरवूनही हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. मग या रेघांवरून जागा कशी शोधतात, हे मास्तरांनी तिला सांगितले.

परीक्षेत साहेबांनी विचारले, "जहाज एकोणीस अंश उत्तरेला आहे. कुठे शोधाल?"

पुढे आलेला मुलगा माझ्यावर नुसतेच बोट फिरवत राहिला. दाराशी उभ्या गोदूबाईला राहवेना. "साहेब, ती आडवी रेघ साऱ्या पृथ्वीला वेढा घालते. जहाज तिच्यावर कुठंही असंल. उभी रेघ पण सांगा. दोघी भेटतील तिथं जहाज."

साहेबांनी विचारले, "किती वर्षं आहेस इथे?"

"सात, साहेब."

"आणि या रेघा कशाच्या, हे कधी कळलं?"

"परवा."

मास्तरांनी मान खाली घातली. गोदूबाईचे काम टिकले, पण तिच्या त्या एका शब्दाचा धक्का माझ्या मनातून अजून गेलेला नाही. सात वर्षे ती मला रोज पुसत होती आणि मी कोण, हे तिला कुणीच सांगितले नव्हते. मित्रांनो, मला कोरड्या फडक्याने पुसा. आणि पुसणारे दुसरे कुणी असतील, तर आधी त्यांना माझ्याजवळ बसवा आणि माझ्या रेघा समजावून सांगा.