हात न लागलेल्या फायली

"चालवा ना मॅडम, तुमचाच प्रोग्रॅम आहे," असं म्हणून जयसिंगनं खुर्ची ओढली आणि तो श्यामलाबाईंच्या शेजारी बसला.

बाईंनी एंटर दाबलं. प्रयोगशाळांचे रिपोर्ट रोग्यांपर्यंत पोचवण्याचं काम खराडीतली ही कंपनी करत असे, आणि त्यातला निम्मा भार बाईंनी लिहिलेल्या फायलींवर होता. आठवड्यापूर्वी त्यांच्या या साहेबानं, जयसिंगनं, एक काम सांगितलं होतं. सर्व्हरवरच्या फायली उघडायच्या नाहीत, फक्त फायलीबद्दलची नोंद वाचायची. ती कुणाच्या नावावर आहे, तिच्यात शेवटचा बदल कधी झाला, हे माणसागणिक मांडायचं. "वरून मागितलंय," एवढंच तो म्हणाला होता.

बाईंनी आपल्या संगणकावरच हौसेनं प्रोग्रॅम लिहून दिला. जयसिंग नवा होता तेव्हा हे सगळं त्यांनीच त्याला शिकवलं होतं. "हडपसरच्या तुमच्या जमिनीला सातबारा असतो ना, तसा प्रत्येक फायलीला असतो. आत काय पिकतंय ते नंतर, आधी नाव बघायचं," असं त्या म्हणाल्या होत्या, आणि तो मनापासून हसला होता.

पडद्यावर नावं आली. सगळ्यात वर नुकताच लागलेला श्रीधर, सगळ्यात खाली श्यामला.

"तुमचं खाली आलंय," जयसिंग म्हणाला.

"दिसतंय. चष्मा नवा आहे माझा."

"म्हणजे वर्षभरात तुम्ही एकाही फायलीला हात लावलेला नाही."

"कारण वर्षभरात एकही बिघडली नाही. श्रीधरचं सोमवारी मोडतं, मंगळवारी जोडतात, म्हणून त्याची तारीख कायम ताजी. त्याला मेहनत म्हणायचं असेल तर म्हणा बापडे."

"मला कळतं हो. पण वरच्यांना डेटा लागतो. शुक्रवारपर्यंत एक नाव द्यायचंय."

"कशासाठी?"

जयसिंगनं मोबाइल उचलून त्यात डोकं घातलं. मग बाईंना कळलं, नाव कामावरून काढायच्या माणसाचं हवं होतं, आणि स्वतःच्या हौसेची त्यांना लाज वाटली. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेतला होता, आणि तोही वेळेच्या आधी, नीटनेटका.

घर त्यांच्या पगारावर चालत होतं. त्यांच्या नवऱ्याचं, अनंतरावांचं, कसब्यातलं घड्याळदुरुस्तीचं दुकान कधीच बंद झालं होतं. पन्नाशी उलटलेल्या बाईला खराडीत दुसरं कोण दारात उभं करणार?

दुपारी त्या श्रीधरच्या टेबलाशी गेल्या. त्याच्या मोडतोडीची दुरुस्ती बहुतेक वेळा त्याच करत. उठून आपल्या जागेवर जायचं, आपल्या नावानं आत शिरायचं, एवढा वेळ कुणाला होता? श्रीधर खुर्ची रिकामी करी, त्या बसत आणि त्याच्याच खात्यातून काम उरकत. सर्व्हरच्या दृष्टीनं तो हात श्रीधरचा.

"श्रीधर, त्या दुरुस्त्या कोण करतं ते जयसिंगला सांगशील?"

श्रीधरनं कानातला इअरफोन काढून हातात फिरवला. "मॅडम, मला कशाला मध्ये घेता? माझं कन्फर्मेशन अजून व्हायचंय, नोकरी पक्की नाही."

"एका वाक्याचं काम आहे."

"त्यापेक्षा सोपं सांगू? एक कमांड मारा, सगळ्या फायलींची तारीख आजची होईल. आतलं अक्षरही बदलणार नाही. चेक कोण करतंय?"

बाई जागेवर येऊन बसल्या. कमांड त्यांना पाठच होती. टाइप करून झाली, बोट एंटरवर गेलं. समोर रिपोर्ट वाटणाऱ्या फायलीची तारीख होती २०११ची. लेक तेव्हा दहावीला होती. इतकी वर्षं लाखो माणसांचे रिपोर्ट त्या फायलीतून गेले आणि तिनं कधी कुरकुर केली नाही. बाईंच्या कामाला तेवढा एकच साक्षीदार होता. नोकरी टिकवायची तर त्यालाच खोटं बोलायला लावायचं. बाईंना संताप आला, जयसिंगचा, श्रीधरचा आणि त्याहून जास्त त्या यादीचा. त्यांनी टाइप केलेलं पुसून टाकलं.

शुक्रवारी बोलावणं आलं. गोड शब्दांत, कॉफी विचारून, पाच मिनिटांत उरकलं. जयसिंग खाली बघत बसला होता.

बाई परत आल्या तेव्हा त्यांची खिडकी पडद्यावर अजून उघडी होती. जाता जाता त्यांनी त्या जुन्या फायलीची नोंद एकदा वाचली. तारीख तीच होती. पण मालकाच्या जागी श्यामला नव्हतं, नुसता एक आकडा होता. खातं काढून टाकलं की सर्व्हर नाव विसरतो, आकडा तेवढा राहतो. हे त्यांना ठाऊक होतं, कितीतरी जणांना त्यांनीच ते शिकवलं होतं. तरी डोळे भरून आले.

"मॅडम!" श्रीधर धावत आला. "जरा येता का? माझं परत अडकलंय. रिपोर्टच जात नाहीयेत."

"माझं खातं बंद झालंय."

"माझ्यातून करा ना, नेहमीसारखं," तो म्हणाला. मग त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं असावं, कारण त्यानं जीभ चावली.

बाईंना वाटलं, सरळ जिना उतरावा. पण कुणीतरी कुठेतरी आपल्या माणसाचा रिपोर्ट येईल म्हणून मोबाइलकडे बघत बसलं असेल. या सवयीचा त्यांना मनस्वी राग आला, आणि त्या रागातच त्या श्रीधरच्या खुर्चीत बसल्या. चूक सापडली, दुरुस्त झाली, अडकलेले रिपोर्ट भराभर निघाले.

फायलीवर आजची तारीख पडली. नाव श्रीधरचं.

"थँक यू मॅडम," तो पुटपुटला.

"माझे आभार कशाला मानतोस? तूच केलंस ना," बाई म्हणाल्या. मग त्यांनी डब्याची पिशवी उचलली आणि खुर्ची त्याच्यासाठी नीट सरळ करून ठेवली.