ओळीतले चेहरे

माहनूरनं मोबाइल ग्रीसच्या डब्याला टेकवून उभा केला आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. जब्बारनं शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला. पडद्यावर धूळच धूळ होती. त्या धुळीत सुदानच्या लष्कराचे पकडलेले सैनिक ओळीनं गुडघ्यांवर बसले होते. एकाच्याही पायात बूट नव्हते.

जब्बारचा मुलगा अब्रार तिकडे सुदानमध्ये साखर कारखान्यात मेकॅनिक म्हणून गेला होता. पावसाळ्यात लढाई त्या गावात शिरली आणि त्याचा फोन लागेनासा झाला. बंडखोर कारखान्यातल्या लोकांनाही सैनिक समजून धरतात, असं सुटून आलेल्या एका सोबत्यानं सांगितलं होतं. तेव्हापासून असा कुठलाही व्हिडिओ आला, की नेरमधल्या जब्बारच्या गॅरेजचं शटर अर्धं खाली यायचं आणि बापलेक चेहरे शोधत बसायचे.

"हळू जाऊ दे," जब्बार म्हणाला.

एकेक चेहरा सरकला. शेवटचाही गेला.

"नाही अब्बा. भाई याच्यात नाही."

जब्बारनं कोंडलेला श्वास सोडला. माहनूर व्हिडिओ बंद करणार, तोच त्यानं तिचं मनगट धरलं.

ओळीच्या मागं बंडखोरांची गाडी उभी होती, बॉनेट उघडं. एक माणूस इंजिनाशी कान नेऊन वाकला होता. मग तो वळला. दाढी वाढलेली, गाल बसलेले.

"भाई!" माहनूर ओरडली आणि रडता रडता हसली.

व्हिडिओ अजून संपला नव्हता. कुणीतरी तारेचं वेटोळं फेकलं. अब्रारनं ते उचललं, ओळीतल्या शेवटच्या सैनिकाचे हात मागं ओढले आणि बांधले. तो सैनिक मान वळवून त्याला काहीतरी म्हणाला. अब्रारनं वर पाहिलं नाही.

माहनूरनं व्हिडिओ थांबवला.

"जबरदस्तीनं करून घेतलं असन," माहनूर म्हणाली.

"असन."

"दिल्लीचे परराष्ट्र खात्यातले साहेब म्हणले होते, जिता असल्याचा पुरावा भेटला तर धाडा. पण हे पाहून ते काय समजतीन? मागचं मी कापते अब्बा. नुसता चेहरा ठेवते."

बाहेर गिऱ्हाइकानं शटर वाजवलं, हाक मारली आणि निघून गेलं. जब्बारनं बोटानं व्हिडिओ मागं नेला. ओठ फुटलेला एक कोवळा सैनिक सरळ कॅमेऱ्यात पाहत होता, कुणीतरी आपल्याला ओळखावं अशा आशेनं.

"पुरा धाड."

"भाई फसन ना!"

"या पोरायच्याही घरचे कोठीतरी असेच पाहून राह्यले असतीन. साहेबाले लिही, त्या दिवशी हे सारे जिते होते. यायच्या सरकारले कळवा म्हणा."

माहनूरचा अंगठा थांबला. बापाकडे तिनं एकदा पाहिलं. मग व्हिडिओ गेला.

जब्बारनं शटर वर केलं, तर समोरून रौशन जेवणाचा डबा घेऊन येत होती. नवऱ्याचा चेहरा पाहून ती उंबऱ्यातच थबकली.

"काय झालं? अब्रारचं काही..."

"दिसला. जिता हाय."

ती तिथल्याच एका टायरवर बसली. ओढणी तोंडात कोंबून रडली. मग डोळे पुसत तिनं विचारलं,

"काय करून राह्यला होता माहा पोरगा?"

माहनूरनं मोबाइल पालथा ठेवला.

"गाडी दुरुस्त करून राह्यला होता," जब्बार म्हणाला आणि कुणाकडेही न पाहता डबा उघडू लागला.