उजव्या इंजिनाची कुरबूर

फोरमनला संशय यायला फारसं काही लागत नसे. दार नेहमीपेक्षा जरा जास्त उघडं दिसलं, की तो आधी दारामागे बघायचा आणि मग आत जायचा. "यांच्या मनातली पाल चुकचुकायची काही थांबत नाही," असं त्याची बायको पाहुण्यांना कौतुकानं सांगायची. पण त्याची सगळी नोकरी विमानांच्या इंजिनांत गेली होती, आणि त्या धंद्यात संशयी माणसालाच शहाणा म्हणतात.

निवृत्त झाल्यावर तो एका लहानशा संग्रहालयात रमला होता. तिथे युद्धातलं एक जुनं, दोन इंजिनांचं बाँबफेकी विमान होतं. इंजिनं नुसती उभी ठेवली तर आतून गंजतात, म्हणून महिन्यातून एकदा ती चालवायची. सकाळी विमान हँगरबाहेर ओढायचं. खालच्या सिलिंडरांत तेल साचलेलं असतं, म्हणून पंखे आधी हातानं फिरवायचे, अडले तर जोर करायचा नाही. मग चाकांना ठोकळे लावायचे, आग विझवायचा सिलिंडर घेऊन एकानं बाजूला उभं राहायचं, आणि कॉकपिटात डावीकडे बसायचे कॅप्टन.

कॅप्टन म्हणजे फोरमनच्या बायकोचे थोरले भाऊ. तरुणपणी त्यांनी हेच विमान उडवलं होतं. बायको त्यांना दादा म्हणायची, म्हणून फोरमनही दादाच म्हणायचा.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग संग्रहालयाच्या समितीनं ठरवलं, की इंजिनं इतकी चांगली आहेत तर विमान उडवूनच दाखवू या, आणि उडवतील अर्थातच कॅप्टन. नेमकं तेव्हापासून उजवं इंजिन कुरबुरायला लागलं.

प्रत्येक सिलिंडरला ठिणगीचे दोन प्लग असतात, दोन वेगळ्या मॅग्नेटोंवर, म्हणजे ठिणगीची वीज तयार करणाऱ्या यंत्रांवर, चालणारे. एक मॅग्नेटो बंद केला तर इंजिन जरासं मंदावतं, पण फडफडता कामा नये. हे फडफडलं. फोरमननं वर चढून बघितलं, तर मागच्या बाजूच्या एका प्लगची वायर ढिली. घट्ट केली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, फक्त सिलिंडर दुसरा. उड्डाणाची परवानगी दोन्ही वेळा पुढे ढकलली गेली.

वायर आपोआप सुटत नाही. एकदा सुटली तर थरथरीनं सुटली म्हणू, दुसऱ्यांदा कुठेतरी पाणी मुरतंय हे फोरमनला कोणी सांगायला नको होतं. त्याची नजर गेली ती दातांच्या डॉक्टरवर. ही बाई नुकतीच हौसेनं कामाला येऊ लागली होती. फार बोलायची नाही, पण बघायची फार. कॅप्टन कॉकपिटात चढायला लागले, की हातातलं काम सोडून त्यांच्याकडेच टक लावून बघत उभी राहायची. हँगरची एक किल्लीही तिच्याकडे होती. फोरमननं घरी हे सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "आधी शेजारी, मग पोस्टमन, आता ती बाई. पुढचा नंबर माझाच दिसतोय."

फोरमन हसला नाही. त्यानं उजव्या इंजिनावर प्लगच्या वायरी घट्ट धरणाऱ्या एकेका नटावर लाल रंगाची बारीक रेघ ओढून ठेवली. नट जरा जरी फिरला असता, तरी रेघ तुटली असती.

इंजिन चालवायच्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी पोहोचला, असं त्याला वाटलं होतं. हँगर उघडाच होता. डॉक्टर शिडी भिंतीला लावून ठेवत होती. कॅप्टन बाहेर ऊन खात बसले होते. फोरमननं शिडी पुन्हा इंजिनाला लावली आणि वर चढला. एक रेघ तुटलेली होती.

खाली उतरून त्यानं तिला गाठलं आणि मनात साठलेलं सगळं तिच्यापुढे ओतलं. किल्ली कोणाकडे, शिडी कोणाच्या हातात, येताजाता टक लावून कोण बघतं. ती शांतपणे ऐकत होती. त्याचं संपल्यावर म्हणाली, "शिडी मी फक्त धरली होती. वर तुमचे दादा चढले होते. म्हणाले, फोरमननं नट बघायला सांगितलेत."

फोरमननं बाहेर उन्हात बसलेल्या कॅप्टनकडे बघितलं.

"आणि बघते म्हणाल, तर त्यांच्या पायांकडे बघते," ती म्हणाली. "प्रत्येक पायरी ते आधी पायानं चाचपतात. मला वाटलं, घरातल्यांना माहीत असेल."

त्यासरशी फोरमनला कळलं, की खूण डोळ्यांसमोरच होती. दर वेळी ढिली व्हायची ती एखादीच वायर, आणि तीही अशी की जमिनीवरच्या तपासणीत हमखास पकडली जावी आणि इंजिनाला इजा होऊ नये. विमानाचं वाईट चिंतणारा माणूस इतकं जपून नुकसान करत नाही. काखेत कळसा होता आणि तो गावाला वळसा घालत बसला होता.

त्यानं वायर घट्ट केली आणि कोणाला काही न सांगता कॅप्टनशेजारच्या खुर्चीत जाऊन बसला. इंजिनं सुरू झाली, निळा धूर निघाला, तेलाचा दाब वर आला. कॅप्टननी उजव्या इंजिनाचा एक मॅग्नेटो बंद केला. इंजिन जरासं मंदावलं आणि गुरगुरत राहिलं. कॅप्टननी दोनदा तेच करून बघितलं. मग इंजिनं बंद केली. पंखे थांबले.

"दादा, वायर मी लावली," फोरमन म्हणाला.

कॅप्टन समोरच्या काचेतून बघत होते. "मला धावपट्टीचा शेवट दिसत नाही," ते म्हणाले. "मधलं सगळं धुरकट झालंय."

"मग सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर या खुर्चीत दुसरा कोणी बसला असता. विमान उडालं नसतं, तर निदान मी इथे राहिलो असतो."

फोरमनला त्यांची कीव आली, आणि त्याच क्षणी गाडी आठवली. परवाच कॅप्टन त्याच्या बायकोला गाडीतून नातलगांकडे घेऊन गेले होते. त्यानं त्यांना तिथेच बजावलं, की आज समितीला तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो. कॅप्टननी स्वतःच सांगितलं, डोळ्यांचं तेवढं सांगितलं. वायरींचं फोरमननंही सांगितलं नाही. डॉक्टरची त्यानं माफी मागितली. तिनं मान हलवली आणि आपल्या कामाला लागली.

घरी आल्यावर त्यानं बायकोला झाला प्रकार सांगितला आणि परवाच्या गाडीचं विचारलं.

"गाडी मी चालवत होते," ती म्हणाली. "गेलं वर्षभर मीच चालवतेय. दादानं शपथ घातली होती, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून."

"आणि दादा विमानाला हात लावतात, तेही माहीत होतं?"

"ते नव्हतं," ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. ती जरा लगबगीनंच गेली, असं फोरमनला वाटलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं आणि ती पुन्हा नाही म्हणाली असती, तर त्या नाहीचं काय करायचं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

पुढच्या महिन्यात नवी वैमानिक आली, हसतमुख आणि चटपटीत. कॅप्टन आग विझवायचा सिलिंडर घेऊन उजव्या पंख्यापासून लांब उभे राहिले. ती जागा त्यांनी स्वतःच मागून घेतली होती. मान एका बाजूला कलवून ते फक्त आवाज ऐकत होते. उजवं इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. वैमानिक बाईनं तेलाचा दाब विचारला. उत्तर आलं नाही म्हणून तिनं पुन्हा विचारलं. तिच्या शेजारच्या खुर्चीतला फोरमन काट्याकडे बघतच नव्हता. तो काचेतून खाली, कॅप्टनच्या हातांकडे बघत होता.