तीन पायजमे आणि बारा शनिवार

"कड्!"

आवाज झाला आणि हॉलमधल्या शे-दीडशे माणसांनी एकदम श्वास सोडला.

फरशीच्या दुकानावरचा हॉल होता तो. खुर्च्या संपल्या म्हणून लोक भिंतीला टेकून उभे होते. मंचावर उंच, अरुंद पलंग, त्यावर उताणा झोपलेला एक बसचा कंडक्टर, आणि त्याच्या बुटांच्या टाचा आमच्याकडे. त्या टाचा हातात धरून मणकेवाले सर उभे होते. पांढरा सदरा, बाह्या दुमडलेल्या आणि कॉलरला चिमुकला माईक, म्हणजे हाडाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जावा.

"मघाशी डावा पाय केवढा आखूड होता? सांगा, सांगा, लाजू नका. पाय तुमचा नाहीये!"

लोक हसले. "दीड बोट!" कुणीतरी ओरडलं.

"आणि आता?"

टाचा अगदी बरोबरीत होत्या. कंडक्टर उठला, दोन पावलं चालला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्यांनी पत्रे वाजले.

"औषध दिलं? नाही. सुई टोचली? नाही. कापलं? नाही!" सर एकेक बोट दुमडत म्हणाले. "याला कायरोप्रॅक्टिक म्हणतात, नुसत्या हातांनी मणका बसवायची विद्या. शरीर म्हणजे घर, मणका म्हणजे मीटरची पेटी. पेटीतली एक तार दबली की स्वयंपाकघरात अंधार. डॉक्टर काय करतो? दिवा बदलतो! मी पेटी उघडतो. दमा असो, कान फुटलेला असो, रात्री रडणारं बाळ असो, सगळं इथूनच." आणि त्यांनी स्वतःच्या मानेवर थाप मारली.

मीटरच्या पेटीला हात लावण्याआधी वायरमनसुद्धा मुख्य बटण बंद करतो, हे मला त्या दिवशी सुचलं नाही. मी दुसऱ्या रांगेत होते. मांडीवर माझी ठकू होती, पावणेचार महिन्यांची, आणि पर्समध्ये एक चिठ्ठी होती.

चिठ्ठी लसीकरणाच्या सिस्टरने दिलेली. लस टोचताना तिने ठकूचे पाय दोन-तीनदा फाकवून पाहिले होते. "डाव्या मांडीच्या वळ्या उजवीसारख्या नाहीत. पाय पण पुरता उघडत नाहीये. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. काही नसेल तर उत्तम, पण लवकर दाखवा, ती सहा महिन्यांची व्हायच्या आत."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा नणंद हसली. "अगं, बाळांच्या वळ्या काय फूटपट्टीने आखतात? तुला काहीतरी लागतंच बाई काळजीला. मागच्या महिन्यात टाळू, त्याआधी शिंका."

खरंच होतं ते. मी झोपलेल्या ठकूच्या नाकाशी आरसा धरणारी आई. शिकलेली आहे म्हणून घाबरायला मला कारणं जास्त सापडतात, असं नवरा म्हणायचा. तो कारखान्यात पाळीवर, आठवड्याआड भेटणारा. नणंद मात्र रोज येई, आणि तिची दोन वर्षांची आखडलेली मान मणकेवाल्यांच्या एका 'कड्'ने मोकळी झाली होती. तिचं खोटं नव्हतं. मान खरंच वळत होती. "एकदा त्यांना दाखव. नाजूक पोर, लगेच एक्स-रे कशाला?" ती म्हणाली आणि मला ते हवंच होतं. एक्स-रे नको, सुई नको, कुणीतरी फक्त म्हणावं, काही नाही.

सरांनी ते म्हटलं. ठकूला त्यांनी पलंगावर ठेवलं, दोन्ही घोटे चिमटीत धरले. "पाय आखूड नाहीये ताई. कंबरेतला मणका सरकलाय, बाळंतपणात. दर शनिवारी एक, अशा बारा बैठका." मग अंगठ्याने पाठीवर एक दाब, एक हलकी ओढ, आणि दोन्ही गुलाबी टाचा सारख्या. नणंदेने माझा हात दाबला. मी रडले.

पुढचे बारा शनिवार आम्ही तो जिना चढलो.

दर शनिवारी टाचा जुळायच्या आणि रविवारी लंगोट बदलताना ठकूचा उजवा गुडघा पुस्तकाच्या पानासारखा बाजूला पडायचा, डावा अर्ध्यावर अडायचा. सहाव्या बैठकीला मी ते सांगितलं. सरांनी माईक हाताने झाकला नाही.

"बरं होताना आधी आखडतं. आणि ताई, एक सांगू? आईची काळजी दुधातून बाळाच्या मणक्यात उतरते. तुम्ही शांत राहा, बाळ सरळ होईल."

शे-दीडशे माणसांनी माझ्याकडे वळून पाहिलं. एका आजींनी तर 'च्च' केलं. मी पुन्हा तोंड उघडलं नाही. एखाद्याचं तोंड बंद करायचं तर त्याच्यावरच दोष टाकावा, याहून स्वस्त युक्ती नाही.

ते तोंड माझ्या सासऱ्यांनी उघडलं, तेही नकळत.

सासरे शिंपी. चाळीस वर्षं विजारी शिवल्या. आता नजर अधू झाली म्हणून दुकान बंद, पण घरातलं मशीन चालू. बाराव्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत गेले तर ते खिडकीशी बसून ठकूचा नवा पायजमा उसवत होते.

"काय झालं बाबा?"

"काही नाही गं. संपलं माझं. आता लहान मुलाचासुद्धा पायजमा धड कापता येत नाही."

"म्हणजे?"

"हा तिसरा. दोन्ही पाय सारखे कापतो, तिला घातला की डावा खाली लोंबतो. मग गुपचूप दुमडून शिवतो. तुझ्या सासूलाही सांगितलं नाही. म्हणेल, म्हातारा आंधळा झाला."

मी कपाटातून आधीचे दोन पायजमे काढले. पहिला, चिठ्ठी आली त्याच सुमाराचा. दुसरा, बैठका अर्ध्या झाल्या तेव्हाचा. दोन्हींच्या डाव्या पायाला तळाशी अर्ध्या बोटाची पट्टी जास्त दुमडलेली. तिन्ही पायजमे मी पलंगावर शेजारी शेजारी ठेवले.

"बाबा, तुमची कात्री चुकली नाही."

त्यांनी गळ्यातली टेप काढली. झोपलेल्या ठकूच्या कंबरेचं पुढचं हाड बोटाने चाचपलं, तिथून आतल्या घोट्यापर्यंत टेप धरली. आधी उजवीकडे. मग डावीकडे. मग पुन्हा दोन्हीकडे. डावा पाय दर वेळी अर्धं बोट कमी भरला.

"तो माणूस माप कुठून घेतो?" त्यांनी विचारलं.

"घेत नाही. टाचा जुळवून दाखवतो."

"टाचा?" सासऱ्यांचा आवाज चढला. "अगं, गिऱ्हाईक एका बाजूला रेललं तर विजारीचा एक पाय वर जातोच! म्हणून तर माप कंबरेपासून घेतात. हे शिंप्याच्या पोरालाही कळतं!"

सोमवारी आम्ही लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे होतो. डॉक्टरीणबाईंनी ठकूला उताणं झोपवलं, दोन्ही गुडघे दुमडून तळवे टेबलावर टेकवले आणि मला म्हणाल्या, "इकडे या, तुम्हीच बघा."

डावा गुडघा उजव्यापेक्षा खाली होता. लहान मुलालाही दिसेल इतका. एक्स-रेतही तेच निघालं.

"खुब्याचा गोळा वाटीत बसलेलाच नाही. वाटीच्या बाहेर, वर सरकलाय. मणक्याचा काही संबंध नाही."

"पण ते ओढायचे तेव्हा टाचा सारख्या..."

"पाय ओढला की कंबर तिरकी होते. लंगोटाखाली ते कुणाला दिसणार?" त्यांनी ठकूचा डावा घोटा किंचित ओढला. टाचा जुळल्या. लंगोट सोडलेला होता, म्हणून या वेळी मला दिसलं, माझ्या लेकीची कंबर एका बाजूने खाली घसरली होती. बारा शनिवारांचा चमत्कार तेवढाच होता.

"आणि तो आवाज?" सासऱ्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी स्वतःची बोटं मोडली. कड्, कड्. "सांध्यातल्या पाण्यात हवेचा बुडबुडा होतो, त्याचा आवाज. हाड जागेवर बसल्याचा नाही."

"माझ्या लेकीची, हिच्या नणंदेची, मान मात्र तिथे मोकळी झाली हो," सासरे म्हणाले.

"झाली असेल. आखडलेल्या पाठीला, कंबरेला शिकलेल्या हातांनी थोडा आराम पडतो, मी नाही म्हणत नाही. पण त्यावरून दमा, कान, तान्ह्या बाळाचा खुबा बरा होतो हे कुठून आलं? आणि मानेला झटका देणं अगदी निर्धोकही नाही. क्वचित आतली रक्तवाहिनी फाटते आणि माणूस लुळा पडतो." मग मी पर्समधून काढून दिलेली सिस्टरची चिठ्ठी त्यांनी वाचली, तारीख पाहिली.

"तेव्हा आला असतात तर बहुतेक पट्ट्यांवर भागलं असतं. काही आठवडे पट्टे बांधायचे, गोळा हळूहळू वाटीत बसतो. आता भूल देऊन बसवावा लागेल, मग छातीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, तीन महिने. त्यानेही नाही बसला तर उघडून."

त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या शनिवारी ठकूला सासूजवळ ठेवून सासरे आणि मी तो जिना शेवटचा चढलो. जिन्याच्या तोंडाशी पाटी होती, 'कृपया बूट काढू नयेत.' इतक्या वेळा मी तिच्याखालून गेले होते. सासरे तिथे थांबले.

"दवाखान्यात बूट काढायला लावतात. इथे काढू नका?" ते पायरीवर बसले, खिशातून शिंपीकामाचा खडू काढला आणि दोन्ही मोज्यांवर, बुटाच्या काठाला लागून, एकेक रेघ ओढली. विजार खाली सोडली. "चल."

"कोण येतंय?" सरांनी विचारताच सासऱ्यांनी हात वर केला.

तेच सगळं पुन्हा झालं. टाचा हातात. "अरेरे! बाबा, उजवा पाय दीड बोट आखूड! इतकी वर्षं चाललात कसे?" लोक हळहळले. कंबरेला पीळ, माईकजवळ 'कड्', एक ओढ, टाचा जुळल्या. टाळ्या.

"कसं वाटतंय बाबा?"

"छान वाटतंय," सासरे उठून बसत म्हणाले आणि विजारीचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत वर केले. "सूनबाई, बघ गं."

मी मंचावर गेले. माझा आवाज बारीक, पण माईक त्यांच्याच कॉलरला होता आणि मी जवळ उभी होते.

"बाबांनी वर येण्याआधी मोज्यांवर बुटाच्या काठाला रेघ ओढली होती. उजवी रेघ बुटाला लागूनच आहे. डावी बघा, बुटापासून वर गेलीय. उजवा पाय लांब झालेला नाही. सरांनी आधी डावा बूट पायातून खाली ओढून फरक दाखवला, मग उजवा पाय ओढून कंबर तिरकी केली. म्हणून इथे बूट काढू देत नाहीत."

सरांनी माईक झाकला, पहिल्यांदाच.

"ही बाई मानसिक रुग्ण आहे. हिच्या बाळाच्या केसमध्येसुद्धा..."

"माझं बाळ परवा भुलीखाली जाणार आहे," मी म्हणाले. "बारा आठवडे तुम्ही तिच्या टाचा जुळवल्यात आणि बारा आठवडे तिचा खुबा निखळलेलाच होता. आत्ता या पलंगावर कुणाचेही बूट काढा, टेपने माप घ्या. बाबांकडे टेप आहे."

सासऱ्यांनी टेप पुढे केली. सरांनी ती घेतली नाही.

मला वाटलं होतं, हॉल रिकामा होईल. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ म्हणाला, "तुम्हाला गुण आला नसेल, आम्हाला येतो. तमाशा बंद करा." बरेच लोक बसूनच राहिले. पण एकेक करत वीस-पंचवीस जण खाली उतरले, त्यात धाप लागलेलं मूल छातीशी घेतलेली एक बाई होती. जिन्यात तिने विचारलं, "याचा दम्याचा पंप मी महिनाभर बंद ठेवलाय. सुरू करू का?"

"आत्ता," मी म्हणाले. "आणि इथूनच डॉक्टरांकडे जा."

नणंद दारात उभी होती. ती मागून आल्याचं आम्हाला कळलंच नव्हतं. रडत म्हणाली, "माझी मान खरंच बरी झाली होती गं."

"माहितेय ताई. म्हणूनच तर आपण फसलो."

आता ठकू प्लास्टरमध्ये आहे. गोळा वाटीत बसलाय असं एक्स-रे म्हणतो. राहील का, ती सरळ चालेल का, हे डॉक्टर अजून सांगत नाहीत आणि मी त्यांच्याकडून ते वदवून घेत नाही. सोपं, गोड उत्तर मागायची माझी हौस फिटली आहे.

हे वाचणाऱ्या आयांना एवढंच सांगते. आराम वाटणं आणि आजार जाणं यात फरक आहे, तो तपासून घ्या. आवाजाला हाड समजू नका. कुणी चमत्कार दाखवला तर विचारा, माप कुठून घेतलं आणि मलाही घेऊ द्याल का? खरा इलाज करणारा या प्रश्नाने चिडत नाही. जो तुमच्या काळजीलाच रोग म्हणतो, त्याच्यासमोरून बाळ उचला आणि निघा. आणि सिस्टरची चिठ्ठी पर्समध्ये ठेवू नका.

सासऱ्यांनी चौथा पायजमा कापून ठेवलाय, दोन्ही पाय सारखे. शिवलेला नाही. प्लास्टर निघालं की आधी माप घेऊ, म्हणतात. कंबरेपासून.