लिफ्टमध्ये आत्या बोलते

दिसेल ते बटण दाबून बघायची खोड होती, म्हणून घरात सगळे त्याला बटण्या म्हणत. पुढे तो लिफ्टचा मेकॅनिक झाला, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही.

एका ऑफिसच्या इमारतीत त्याने नवी लिफ्ट बसवली. मजला आला की त्याचं नाव सांगणारी, बोलकी लिफ्ट. आवाज घेतला आत्याचा. आत्याचा आवाज असा खणखणीत, की तिने गच्चीवरून पोरांना जेवायला हाक मारली की शेजारची पोरंही हात धुऊन बसायची.

आत्याने आधी स्वयंपाकघरात बसून तालीम केली. स्पीकर तपासायला बटण्याने ती चुकतमाकत केलेली तालीमच लिफ्टच्या यंत्रात भरली. मग आत्याने केस विंचरून, लिपस्टिक लावून पक्कं रेकॉर्डिंग दिलं. आता लॅपटॉपमधलं हे पक्कं फोल्डर लिफ्टमधल्या तालमीच्या फोल्डरवर चढवायचं, की झालं.

माउसने ओढून टाकलं असतं तरी भागलं असतं. पण इमारतीचे मॅनेजर शेजारी उभे होते, आणि बटण्याला चेव आला. त्याने लॅपटॉपवर कमांड लिहायचा काळा पडदा उघडला.

"आम्ही कमांडनेच कॉपी करतो, साहेब. आधी लिहायचं कुठून, मग लिहायचं कुठे. एका ओळीत अख्खं फोल्डर!"

आणि बोलण्याच्या नादात त्याने नेमकं उलटं लिहिलं. लिफ्टमधली तालीम लॅपटॉपमधल्या पक्क्या रेकॉर्डिंगवर जाऊन बसली. दोन्हीकडे फाइलींची नावं तीच, त्यामुळे पक्कं रेकॉर्डिंग सगळं पुसलं गेलं. पडद्याने हूं की चूं केलं नाही.

"काही बोलला नाही ना? म्हणजे काम फत्ते," बटण्या म्हणाला. तपासायला त्याने तळमजल्याचं बटण दाबलं. तालमीत आत्याला तेवढा एकच मजला धड जमला होता.

सकाळी ऑफिसं उघडली. दुसरा मजला आला आणि लिफ्ट ओरडली, "दुसरा मजला... अगं बाई, दूध!" आतले चौघे दचकून खाली बघायला लागले.

तिसऱ्यावर विम्याचं ऑफिस. तिथे दार उघडताना लिफ्ट म्हणाली, "तिसरा मजला. कोण आहे दारात? आज नको, उद्या या." दोन ग्राहक मुकाट्याने परत गेले.

चौथ्यावर डोळ्यांचा दवाखाना. "चौथा... हे चार आहे की सात? चष्मा कुठे ठेवलाय मेला!" पेशंटना वाटलं, तपासणी लिफ्टपासूनच सुरू होते. एका आजोबांनी तर जोरात उत्तर दिलं, "चार!"

मॅनेजरांनी बटण्याला फोन लावला. "अहो, दुपारी मालक येताहेत, आणि तुमची लिफ्ट लोकांना हाकलून देतेय!"

बटण्या धावत आला. लॅपटॉप उघडून बघतो तर तिथेही दूधच उतू जात होतं. शेवटी त्याने आत्यालाच बोलावून घेतलं.

आत्या लिफ्टमध्ये शिरली, दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली आणि तशीच लाल होऊन खाली आली.

"बटण्या! माझं दूध तू चारचौघांत उतू घालवलंस?"

"आत्या, जरा उलटसुलट झालं गं."

"उलटसुलट? थांब, तुलाच उलटा टांगते!"

आवाज ऐकताच खालची माणसं गोळा झाली. "याच त्या लिफ्टमधल्या बाई!" चौथ्या मजल्यावरचे आजोबा पुढे येऊन म्हणाले, "चष्मा सापडला का हो?" आत्याला हसू आवरेना. राग तिथेच विरला.

रेकॉर्डिंग मॅनेजरांच्या केबिनमध्ये झालं. आत्याने पंखा बंद करायला लावला, फोन काढून ठेवायला लावला आणि मॅनेजरांना बजावलं, "तुम्ही श्वास नाकाने घ्या. घरघर ऐकू येतेय." घामाने निथळत ते खुर्चीत गप्प बसून राहिले. आत्याने सगळे मजले एका दमात म्हटले.

मग बटण्याने कमांड लिहायला घेतली.

"मोठ्याने वाच," आत्या मागून म्हणाली.

"कुठून, लॅपटॉपमधून. कुठे, लिफ्टमध्ये."

"परत वाच."

त्याने परत वाचलं. आधी नव्या रेकॉर्डिंगच्या फोल्डरची एक प्रत वेगळी काढून ठेवली, आणि मगच बटण दाबलं. पडदा पुन्हा गप्प. या वेळी बटण्याने त्याच्यावर काडीचा विश्वास ठेवला नाही. आत्याला बरोबर घेऊन तो प्रत्येक मजल्यावर थांबत सहाव्यापर्यंत गेला. सगळे मजले ठणठणीत बोलले.

मालक आले, वर जाऊन खाली आले, आणि आवाज छान आहे म्हणाले. पार्किंगमध्येही हाच आवाज लावा, असं सांगून गेले.

"पार्किंगमध्ये काय बोलायचं असतं?" आत्याने विचारलं.

"गाडी सरळ लावा, एवढंच," मॅनेजर म्हणाले.

आत्या म्हणाली, "त्याला तालीम लागत नाही," आणि तिथल्या तिथे, माइकशिवायच, दारासमोर वाकड्या उभ्या असलेल्या एका गाडीच्या ड्रायव्हरला तिने ते म्हणून दाखवलं. त्याने गाडी सरळ केली.