अर्धी घासलेली कुऱ्हाड

मामाने दगडी कुऱ्हाडीचं काम पूर्ण केलं आणि त्याची नोकरी गेली.

असं काही झालेलं नाही. संग्रहालयाचं तसं लेखी म्हणणं आहे आणि ते मीच टाइप केलंय. तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

मामा संग्रहालयाच्या मागच्या खोलीत जुन्या दगडी अवजारांच्या नकला करायचा. आधी ठोकून आकार, मग खरबरीत लादीवर ओली वाळू टाकून पुढेमागे, पुढेमागे. हजारो वर्षांपूर्वी असंच करायचे म्हणे. मामी म्हणायची, एवढा जोर घरच्या कढईवर लावला असता तर तोंड दिसलं असतं तिच्यात.

संग्रहालयाची शान म्हणजे एक अर्धवट कुऱ्हाड. एक बाजू गुळगुळीत, दुसरी ओबडधोबड. कुणीतरी घासता घासता मध्येच उठून गेलेला. घासण्याआधीचं आणि नंतरचं एकाच दगडात दिसतं, म्हणून अभ्यासक लांबून यायचे. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, मामाकडून तिची नक्कल करून घेतली. मग म्हणाल्या, आता नक्कल पुरी घासा, लोकांना कळू दे पूर्ण झाली असती तर कशी दिसली असती.

रंग जुळतो का बघायला मामाने दोन्ही कुऱ्हाडी परातीत ओल्या केल्या होत्या. ओला दगड सगळाच चकाकतो. मामाने त्यातली एक उचलली आणि घासायला बसला. पाण्यात काळं उतरलं. खऱ्या वस्तूवर शाईने क्रमांक लिहिलेला असतो. मामाला वाटलं, डाग. डाग दिसला की मामाला चेव चढतो.

संध्याकाळपर्यंत दगड वाळले. टेबलावर एक अर्धी कुऱ्हाड उरली होती आणि तिच्यावर क्रमांक नव्हता. स्वतःची नक्कल स्वतःलाच ओळखू आली नाही, एवढी ती चांगली होती. हे कौतुक त्याच्या वाट्याला कधीच आलं नाही.

बाईंनी दोन्ही दगड उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाल्या, "हे झालेलं नाही."

दुसऱ्या दिवशी मामाची नक्कल काचेच्या पेटीत गेली. क्रमांक मी घातला, अक्षर बरं आहे म्हणून. खरी कुऱ्हाड शाळांना दाखवायच्या नमुन्यांच्या खोक्यात गेली. मुलं तिने अक्रोड फोडतात. परवा एक अभ्यासक पेटीसमोर उभा राहून म्हणाला, असा हात आता कुणाचा राहिला नाही.

घडलंच नव्हतं, त्यामुळे मामाला शिक्षा करता येईना. मग ‘काम पूर्ण झाल्यामुळे’ त्याला कमी केलं.

मी बाईंना गाठलं. म्हटलं, परत घ्या, त्याला दुसरं काही येत नाही. त्या म्हणाल्या, आमची काहीच हरकत नाही रे, पण ज्याची वस्तू त्याने आधी माफ करायला हवं.

मामा आता घरी बसून असतो. मामीने कढई पुढे केली, तिला त्याने हात लावला नाही. जेवताना एकदाच मला विचारलं, "त्याने मुद्दाम सोडली असेल का रे अर्धी?"

म्हणून हा अर्ज.

प्रति, मूळ कारागीर, अश्मयुग. आपण काम अर्धवट सोडण्याचं कारण स्पष्ट करून माझ्या मामांना कामावर परत घेण्यास हरकत नसल्याचा दाखला, स्वतः हजर राहून, कार्यालयीन वेळेत सादर करावा, ही नम्र विनंती.